बाहेर गारठा, घरात लेकरू

पौष लागला की आपल्या खोऱ्यांत सकाळ लवकर होत नाही. घड्याळात उजाडतं, पण भाटघरच्या पाण्यावरून, तिकडं पानशेत-वरसगावच्या पाण्यावरून धुकं वर चढतं आणि तोरण्या-राजगडाच्या सावलीतल्या वाड्यांवर ऊन पोचायला बराच वेळ लागतो. अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नाही. मोठी माणसं कान बांधतात आणि कामाला लागतात. पण घरात दीड-दोन वर्षांचं लेकरू असलं, तर त्याला गारठ्याचं काही सोयरसुतक नसतं. पहाटे साडेपाचला डोळे उघडले की त्याला गोधडीतून बाहेर यायचं असतं आणि लगेच दाराकडं पळायचं असतं.

त्याच वेळी घरातल्या बाईचं काय चाललेलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. चूल पेटलेली, धार काढायची राहिलेली, दुधाची गाडी यायची वेळ, थोरल्याचा शाळेचा डबा, सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी. दार उघडं ठेवावं तर पोर उघड्या अंगानं थंडीत जातं, कडी लावावी तर दार बडवून रडतं. मग कुणीतरी त्याच्या हातात मोबाईल देतं. घर एकदम शांत होतं. आपणही मनात म्हणतो, चला, अर्धा तास सुटका झाली. अर्ध्या तासाचा तास होतो, तासाचे दोन होतात आणि मग मोबाईल काढून घेतला की जी किंकाळी उठते ती शेजारच्या आळीत ऐकू जाते.

मला आज या दोन-तीन तासांबद्दल बोलायचंय. थंडीत पोराला घरात ठेवावं लागतं तेव्हा त्याला रमवायचं कसं, आणि तेही हातातली कामं न सोडता. खेळणी विकत आणायला सांगणार नाही. भोरच्या बाजारात जायला कुणाला वेळ आहे!

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पोराचा राग येणं थोडं कमी होईल. ते एका जागी बसत नाही हा त्याचा वांडपणा नाही. या वयात अंग हलवणं ही त्याची भूकच असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात सगळं मिळून निदान तीन तास हालचाल करायला हवी, असं त्यात सांगितलंय. चालणं, चढणं, ओढणं, वाकणं, नाचणं, सगळं त्यात आलं. पाठीशी बांधून किंवा एखाद्या खुर्चीत अडकवून मुलाला सलग तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, असंही त्यात आहे. एक वर्षाच्या मुलाला टीव्ही-मोबाईल नकोच, दोन वर्षांनंतर दिवसातून एक तासाच्या आत, आणि त्याहून कमी असेल तर आणखी बरं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते. जे पोर दिवसा हललं नाही ते रात्री झोपत नाही, हे तर आपल्याला कुणी लिहून द्यायची गरज नाही.

दुसरं असं की, अंगणवाडीत बसून खेळायला-शिकायला जातात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. तीन वर्षांच्या आतल्यांसाठी घरी आहार मिळतो, लसीकरण होतं, वजन होतं, पण दिवस त्यांचा घरातच जातो. आणि मेंदूची सगळ्यात झपाट्यानं वाढ होते ती याच काळात. तीन वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेलेला असतो. म्हणजे या वयाची पहिली शाळा आपल्या घरातच भरते. मास्तरीण आपणच, नाहीतर सासूबाई.

माझी नात सध्या वीस महिन्यांची आहे. सून सकाळी गोठ्यात असते, मी चुलीपाशी. आमची सकाळ कशी जाते तेच सांगते.

पहिला खेळ गोधडीतच सुरू होतो. बाहेर गार असतं म्हणून मी तिला लगेच उठवत नाही. गोधडी डोक्यावर ओढायची, "कुठं गेली गं आजी?" आणि मग "बुवाऽ कुक!" हा खेळ आपल्या आज्या-पणज्यांनी खेळवला. आपल्याला वाटतं नुसतं हसवायला आहे. पण त्यातून लेकरू एक मोठी गोष्ट शिकतं. दिसेनासं झालेलं माणूस संपत नाही, ते परत येतं. आई रानात गेली, पाण्याला गेली, तरी ती येणार आहे, हा धीर त्याला अशा खेळातून हळूहळू येतो. मग तळहातावर बोट फिरवून मोराला बोलवायचं ते गाणं, अडगुलं मडगुलं, गुडघ्यावर बसवून घोडा घोडा. पंधरा-वीस मिनिटं तिथंच जातात, अंगही ऊबदार राहतं.

मग स्वयंपाकघर. मी एक परात जमिनीवर ठेवते, चुलीपासून लांब, भिंतीकडं. तिच्या खाली पोतं घालते, कारण गार फरशीवर बसून पोराला लघवीची घाई होते, हे मी अनुभवानं शिकलेय. परातीत तीन वाट्या, एक चाळण आणि लाकडी डाव. एवढंच. पहिल्या दिवशी मी हौसेनं दहा-बारा वस्तू दिल्या होत्या, तिनं सगळ्या उधळल्या आणि पाच मिनिटांत माझ्या पदराला येऊन लोंबकळली. तीन-चार वस्तू दिल्या की पोर त्यांच्याकडं नीट बघतं. वाटीत वाटी बसते का, मोठी छोटीत जात नाही म्हणजे काय, चाळणीतून पलीकडं दिसतं कसं, डाव वाटीवर मारला की एक आवाज आणि परातीवर मारला की दुसरा. तेच ते वीस वेळा करते. आपल्याला कंटाळा येतो, तिला येत नाही. मध्येच जाऊन "असं नाही, असं ठेव" म्हणून शिकवायला जाऊ नका. तिचं चाललेलं असतं. दोन दिवसांनी वाट्या काढून घ्यायच्या आणि झाकणं द्यायची. कुठल्या भांड्याला कुठलं झाकण, यावर आमची एक अख्खी सकाळ गेली.

तिचा सगळ्यात आवडता खेळ मला अचानक सापडला. जुन्या लुगड्याच्या वीतभर लांबीच्या चिंध्या केल्या, सात-आठ रंगांच्या, आणि तांब्यात कोंबल्या. तोंडाशी एक टोक बाहेर ठेवलं. तिनं ओढलं, चिंधी आली. दुसरी ओढली. सगळ्या बाहेर काढल्या आणि मग परत आत कोंबायला बसली. आत कोंबणं बाहेर काढण्यापेक्षा अवघड असतं, त्यात बोटांचा कस लागतो. पुढं हीच बोटं गुंडी लावणार आणि पेन्सिल धरणार आहेत. चिंध्या वीतभरच ठेवा बरं का. लांब पट्टी, नाडी, दोरी या वयाच्या हातात एकटी देऊ नये, गळ्याभोवती गुंडाळली जाते.

भाकरी थापताना पिठाचा लिंबाएवढा गोळा द्यायचा, तांदळाचा असो की नाचणीचा. दाबते, चपटा करते, बोट खुपसते, माझ्यासारख्या थापा मारते. थोडंफार तोंडात जाणारच. पण कच्चं पीठ मूठभर खाऊ देऊ नका. गोळा सुकला की गुरांच्या पाटीत.

हे झालं बसून. पण अंग हलवायची भूक बसून भागत नाही. त्यासाठी आमच्याकडं घरातल्या सगळ्या गोधड्यांचा डोंगर होतो. घड्या घालायच्या आधी त्यांचा ढीग करायचा आणि तिला वर चढू द्यायचं. चढते, घसरते, परत चढते. मी तिला सांगते, हा तोरणा. तिला तोरणा ठाऊक नाही, पण शब्द आवडतो. सुपात बाहुली बसवायची, सुपाला हातभर दोरी बांधायची आणि घरभर ओढत न्यायचं, म्हणजे तिची बैलगाडी. दोरी आपल्या देखत, खेळ झाला की सोडून ठेवायची. खडूनं जमिनीवर लांब रेघ ओढायची आणि तिच्यावरून पाय टाकत जायचं. कापडाचा चेंडू करून पाटीत टाकायचा. आणि सगळ्यात दमवणारा खेळ म्हणजे काम. "हा बटाटा आजोबांना दे. आता आजोबांकडून कांदा आण." अशा दहा खेपा घातल्या की पोर थकतं, आणि आपण काहीतरी मोठं केलं म्हणून फुगूनही बसतं. घेवड्याच्या शेंगा निवडायला बसले की शेंगा एका टोपल्यातून दुसऱ्या टोपल्यात टाकायचं काम तिचं. दाणे माझ्याकडं, ते तिच्या हाती लागू देत नाही. का, ते पुढं सांगते.

आता तुम्ही म्हणाल, खेळ तर आमच्याही घरी होतात, पोरं भांडी वाजवतातच की. बरोबर आहे. फरक पडतो तो आपल्या तोंडाचा. पोर वाटी वाजवत असताना आपण त्याच्याशी बोलतो का, एवढंच बघायचं. फार नाही, कामं करता करता. "वाजली का वाटी? ठण झालं. आता चाळण वाजव. तिचा आवाज बारीक येतो, नाही का?" त्यानं "बा" म्हटलं की आपण थांबायचं, त्याच्याकडं बघायचं आणि उत्तर द्यायचं. "हो, बाबा गेलेत दूध घालायला." एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग उलटं. भाषा अशीच येते. मोबाईलमधली बाई कितीही गोड गात असली तरी ती पोराच्या "बा"ला उत्तर देत नाही.

आणि आपल्या बोलीत बोला. आपल्याकडं डोंगरावर धनगरवाडे आहेत, कातकरी वस्त्या आहेत, कोळी घरं आहेत, प्रत्येकाचं बोलणं थोडं वेगळं. पोराशी शुद्ध बोलायला हवं असं वाटून काही आया गप्पच बसतात. शुद्ध-अशुद्ध पुढं शाळा बघून घेईल. या वयात त्याला भरपूर शब्द ऐकायला हवेत आणि ते मायेच्या माणसाकडून हवेत.

"नुसत्या खेळानं आणि बोलण्यानं काय होणार, पोटाला नीट मिळालं म्हणजे झालं," असं आमच्या गटात एक जाऊबाई म्हणाल्या होत्या. त्यांचं चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. त्यांना मी जमैकाची गोष्ट सांगितली. जमैका हे समुद्रातलं एक बेट आहे, आपले क्रिकेटवाले जिथं खेळायला जातात तिथलं. तिथल्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली सॅली ग्रँथॅम-मॅकग्रेगर नावाच्या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १२९ मुलं निवडली. सगळी नऊ महिने ते दोन वर्षांची, आणि उंची वयाच्या मानानं खुंटलेली. आपल्याकडं वजन-उंची घेताना ताई ज्याला बुटकेपणा म्हणून नोंदवतात ना, तशी. काही मुलांना पौष्टिक दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्य सेविका जायची. आपल्या आशाताईंसारखीच बाई. ती आईला दाखवायची, घरी केलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं, काय बोलायचं. काहींना दोन्ही दिलं, काहींना दोन्हींतलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं.

ज्यांना खेळ मिळाला त्यांची समज वाढली, ज्यांना दोन्ही मिळालं त्यांची जास्त. ही गोष्ट १९९१ साली छापून आली. पण खरं पुढंच आहे. वीस वर्षांनी त्या मुलांना परत शोधून काढलं. आता ती मोठी झाली होती, कामाला लागली होती. ज्यांच्या घरी ती खेळ शिकवणारी बाई जायची, त्या मुलांची कमाई तो खेळ न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. आठवड्यातून एक तास आलेली बाई ही काही जादूगार नव्हती. तिनं आईला खेळायची रीत दाखवली आणि उरलेले सहा दिवस आई खेळली.

जाऊबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दूधही पाहिजे आणि वाटीही वाजवली पाहिजे." मी म्हटलं, अगदी तेच.

घरातल्या वस्तूंनी मुलांना शिकवायची रीत जमैकावरून आणायची गरज नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला १९१० साली जन्मलेल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर समुद्राकाठच्या बोर्डी गावाला गेल्या, पुढं १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, तो तिथं रुजला. शहरातल्या बालवाड्यांत तेव्हा माँटेसरी बाईंची महागडी साधनं असायची. या दोघींनी त्याऐवजी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया, माती घेतली. मूल मोजायला शिकायचं ते शिकलंच. ताराबाईंना पुढं पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. त्यांच्या बालवाडीतली मुलं मोठी होती आणि बाई समोर असायची, म्हणून खडे आणि बिया चालल्या. आपलं पोर दीड वर्षाचं आहे आणि आपण पाठमोऱ्या भाकरी थापतोय, हे मात्र विसरायचं नाही.

म्हणून आता जपायच्या गोष्टी. आधी माझीच चूक सांगते. माझा मुलगा, म्हणजे आत्ताच्या नातीचा बाप, दोन वर्षांचा असताना मी त्याला पत्र्याच्या डबीत चिंचोके घालून खुळखुळा करून दिला होता. फार खूश होता. तिसऱ्या दिवशी डबीचं झाकण निघालं आणि एक चिंचोका नाकात गेला. मी घाबरून केसातल्या आकड्यानं काढायला गेले आणि तो आणखी आत सरकला. रात्री जीप करून भोरला न्यावं लागलं. डॉक्टरांनी काढला, पोर वाचलं, पण त्या घाटवळणाच्या रस्त्यावर मी काय काय नवस बोलले ते माझं मला ठाऊक. नाकाऐवजी श्वासाच्या नळीत गेला असता तर भोर गाठायला वेळच मिळाला नसता.

तेव्हापासून मी बियांचा खुळखुळा करतच नाही. वाटीवर डाव वाजवला की पुरतो. आपला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जुळवून जे गोल होतं, त्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाला खेळायला द्यायची नाही. चिंचोके, सागरगोटे, हरभरे, वाल, मणी, बाटलीची बुचं, सगळं त्यात आलं. हरभऱ्यासारखा दाणा तर नाकात ओलसरपणानं फुगतो. नाकात काही गेलं तर आपण कोरून काढू नये, सरळ दवाखाना. खायला देतानाही अख्खे शेंगदाणे-फुटाणे नकोत, कूट करून द्या. आणि घशात अडकून पोराला खोकता-रडता येईना, तर त्याला पुढं वाकवायचं आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा मारायच्या. घशात न दिसता बोट घालून चाचपायचं नाही. १०८ ला फोन दुसऱ्या कुणीतरी लावायचा, आपण पोर सोडायचं नाही. पुढच्या पायऱ्या हातानं करून दाखवाव्या लागतात, तुमच्या उपकेंद्रातल्या नर्सताईंना गटाच्या बैठकीत बोलावून शिकून घ्या. आम्ही उशीची बाहुली करून शिकलो.

जत्रेत मिळणारी लाईटची, गाण्याची खेळणी येतात त्यांच्या आत चपट्या, रुपयासारख्या चकचकीत बॅटऱ्या असतात. ती बॅटरी गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका आतून जाळू शकते. असं खेळणं घरात असेल तर मागचा स्क्रू घट्ट आहे का ते आजच बघा. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी उजाडायची वाट बघायची नाही.

गारठ्याच्या दिवसांत आणखी एक चूक होते. दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवतो, पोराला ऊब मिळावी म्हणून. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण जळत्या कोळशातून एक विषारी वायू निघतो, त्याला वास नाही की रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातं. लहान मुलाला तो लवकर बाधतो. निखारे आत ठेवून कधीही झोपू नये, आणि शेगडी पेटती असेल तर खिडकी किलकिली का होईना उघडी हवी. पोराला ऊब द्यायची तर दोन पातळ कपडे एकावर एक, पायात मोजे, डोक्याला टोपडं. खेळून अंग तापलं की एक काढून घ्यायचा.

आणि आंघोळीचं पाणी. थंडीत ते जास्त कढत करतो आणि जमिनीवर बादलीत ओतून ठेवतो. आधी गार पाणी बादलीत, त्यावर कढत. उलटं नाही. भाजलंच तर लगेच वाहतं साधं पाणी वीस मिनिटं. हळद नको, टूथपेस्ट नको, मग दवाखाना.

मोबाईलबद्दल मी फार ताणत नाही. घरात एकटी बाई आहे, म्हैस विणारी आहे, अशा वेळी दहा मिनिटं मोबाईल दिला म्हणून कुणी आईला नावं ठेवू नयेत. नावं ठेवणारी माणसं बहुतेक वेळा खाटेवर बसलेली असतात. त्यांनाच मी सांगते, दादा, जरा पोराला घ्या, गोधडीच्या डोंगरावर चढवा. आमचे आजोबा आधी म्हणायचे, "हे बायकांचं काम." आता नात बटाटा घेऊन आली नाही तर तेच हाका मारतात. मोबाईल सोडवायचा असेल तर नुसता हिसकावून चालत नाही. त्या जागी दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं, आणि पहिले चार-पाच दिवस रडणं सोसावं लागतं.

गटानं मिळून करण्यासारखं एक आहे. आम्ही त्याला खेळण्यांची भिशी म्हणतो. लहान मूल असलेल्या प्रत्येक घरानं एक खेळणं करायचं. कुणी कापडाचा चेंडू, कुणी चिंध्यांचा तांब्या, कुणी नारळाच्या घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्यांची उतरंड, कुणी जुन्या सॉक्सची बाहुली. डोळे मण्यांचे लावायचे नाहीत, दोऱ्यानं काढायचे. दर बैठकीला खेळणी धुऊन आणायची आणि अदलाबदल करायची. पोराला दर महिन्याला नवं खेळणं मिळतं, पैसा लागत नाही. हप्ता बुडवणाऱ्या इथंही असतात, पण कमी.

शिवाय शेजारच्या दोन घरांनी सकाळी पाळी लावून घ्यावी. आज दोन्ही पोरं माझ्याकडं, उद्या तुझ्याकडं. दोन पोरं एकत्र असली की भांडतात खरी, पण एकमेकांकडं बघून खेळतात आणि एका बाईची सकाळ मोकळी होते. एकच धरून ठेवा, तीनपेक्षा जास्त पोरं एका बाईवर टाकायची नाहीत, आणि सर्दी-ताप असलेलं पोर त्या दिवशी आपल्या घरी.

हे सगळं मी थंडीचं म्हणून सांगितलं. पण खरं सांगू का, आपल्याकडं थंडीत दहा वाजता ऊन येतं. ऊन आलं की पोराला अंगणात काढायचं, घरातले खेळ गुंडाळून ठेवायचे, कारण मातीसारखं खेळणं नाही. घरातल्या खेळांची खरी परीक्षा आषाढात असते. हिर्डोशी खोऱ्यात काय किंवा केळद-पासलीच्या बाजूला काय, पाऊस लागला की आठ-आठ दिवस दार उघडता येत नाही. घरात ओल, सरपण ओलं, चुलीला धूर, आणि त्यात हे रांगतं-धावतं पोर. लावणीला तर घरातलं प्रत्येक माणूस खाचरात. तेव्हा खेळणी करायला बसायला वेळ मिळत नाही. म्हणून आत्ता, सुगी उरकलीय, रात्री मोठ्या आहेत, तोवर चेंडू शिवून ठेवा, चिंध्या फाडून ठेवा, भिशी सुरू करा.

मी थांबते आता. भाजी चुलीवर आहे आणि डाव अजून नातीच्या परातीत आहे. मागितला की ती मला वाटी देते. बदल्यात एक बटाटा देऊन बघते.